सवलतीच्या तिकिटाला गाडी हवी

हिंगोली जिल्ह्यात तालुके पाच आणि एसटीची आगारे तीन: हिंगोली, वसमत आणि कळमनुरी. सेनगाव आणि औंढा नागनाथ या दोन तालुक्यांच्या गावी बसस्थानक आहे, पण आगार नाही. तिथे गाडी येते, थांबते आणि पुढे निघून जाते. ती कधी सुटायची, कुठल्या खेड्यात जायची आणि आज बिघाड झाला तर बदली गाडी कोणती द्यायची, हे दुसऱ्याच गावचा आगारप्रमुख ठरवतो. सेनगावची मदार एकीकडे हिंगोलीवर, दुसरीकडे रिसोड-जिंतूरच्या गाड्यांवर. तीर्थक्षेत्रामुळे औंढ्याला लांब पल्ल्याच्या गाड्यांची वर्दळ असते, पण ज्योतिर्लिंगाला येणारी गाडी मागच्या डोंगरातल्या खेड्याच्या काही कामाची नसते.

शिवाय ही तिन्ही आगारे परभणी विभागात मोडतात. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. जिल्हाधिकारी आले, पोलीस अधीक्षक आले, जिल्हा परिषद आली, गाड्यांच्या पाटीवर एमएच ३८ आले. एसटीचे विभागीय कार्यालय तेवढे आले नाही. हे एकट्या हिंगोलीचे रडगाणे नाही. नंदुरबार आणि वाशिम १९९८ मध्ये झाले, गोंदिया हिंगोलीबरोबर १९९९ मध्ये. एसटीच्या हिशेबात नंदुरबार अजून धुळ्यात आहे, वाशिम अकोल्यात आणि गोंदिया भंडाऱ्यात. त्या दोन वर्षांत जन्मलेले चारही जिल्हे महसुलाच्या कागदावर सज्ञान झाले आणि एसटीच्या कागदावर जुन्या घरीच राहिले.

आगार कुठे आहे याने एवढा फरक का पडावा, असे शहरातल्या माणसाला वाटेल. फरक पडतो तो पहिल्या आणि शेवटच्या फेरीत. गाडी सकाळी आगारातून निघते आणि रात्री आगारात परतते. जे खेडे आगारापासून पन्नास किलोमीटरवर आहे, तिथे पहिली गाडी पोहोचेपर्यंत शाळेची घंटा होऊन गेलेली असते. तीच गाडी रात्री वेळेत आगारात परतायची, तर त्या खेड्यातून तिला लवकरच निघावे लागते. मधले रिकामे किलोमीटर महामंडळाला परवडत नाहीत. यावर एसटीनेच फार पूर्वी एक सुंदर तोड काढली होती, मुक्कामी गाडी. संध्याकाळी शेवटचे प्रवासी घेऊन गाडी खेड्यात जायची, चालक-वाहक ग्रामपंचायतीत नाहीतर मारुतीच्या देवळात पाठ टेकायचे आणि पहाटे तीच गाडी दूधवाले, दवाखान्याला निघालेले, कोर्टाची तारीख असलेले आणि कॉलेजची पोरे घेऊन तालुक्याला यायची. माझ्या मते ग्रामीण वाहतुकीतल्या न्यायाची याहून चांगली योजना महाराष्ट्रात झालेली नाही, कारण खेड्यातल्या माणसाचा दिवस खेड्यातूनच सुरू होतो हे तिने मान्य केले होते.

पण आगारात माणसे कमी पडली, गाड्या जुन्या झाल्या, की पहिली गदा येते ती मुक्कामी गाडीवर. कर्मचाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. ज्या गावात मुक्कामाला धड खोली नाही, संडास नाही, तिथे जायला वाहक नाखूश असेल तर त्याला दोष देता येत नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत एसटी थांबली. ती सावरते न सावरते तोच २०२१ च्या अखेरीस शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी संप झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्यानंतर लांब पल्ल्याच्या गाड्या आधी रुळावर आल्या. आतल्या खेड्यांच्या काही फेऱ्या परतल्या, काही परतल्याच नाहीत. फेरी बंद करायला कुठला ठराव लागत नाही. गाडी आज आली नाही, उद्याही आली नाही, आणि महिनाभराने लोक वाट बघायचे सोडून देतात.

मराठवाड्यात अन्यायाची चर्चा काही कमी झालेली नाही. विकासाचा अनुशेष हा तर इथल्या राजकारणाचा कायमचा विषय. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. राज्याची सरासरी हा मापदंड धरून जिल्हा कुठे किती मागे आहे, हे तिने क्षेत्रवार मोजले. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा नऊ क्षेत्रांत मिळून सुमारे ३,१८६ कोटींचा अनुशेष निघाला आणि त्यात मराठवाड्याचा वाटा जवळपास २४ टक्के होता. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, निर्देशांक व अनुशेष समिती आली आणि २०१३ मध्ये केळकर समितीचा अहवाल आला. दांडेकरांच्या यादीत रस्ते होते, त्या रस्त्यांवरून दिवसातून किती गाड्या जातात हे नव्हते. रस्त्याची लांबी मोजता येते, तिचे अंदाजपत्रक होते, तिला ठेकेदार मिळतो आणि तिचे उद्घाटनही करता येते. फेरी ही रोज नव्याने द्यावी लागणारी गोष्ट. तिचा अनुशेष कुणी काढला नाही.

पंतप्रधान ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली, तेव्हा तिने लोकसंख्येची एक रेघ आखली. सपाट भागात ५०० वस्तीच्या गावाला आणि डोंगरी व आदिवासी भागात २५० वस्तीला बारमाही रस्ता. ही रेघ पुरेशी होती का यावर वाद होऊ शकतो, पण ती होती, त्यामुळे गाव हक्काने मागू शकत होते. 'रस्ता तेथे एसटी' हे एसटीचे ब्रीद आपण लहानपणापासून ऐकतो; त्याच्यामागे अशी कोणतीही रेघ नाही. किती वस्तीला किती फेऱ्या, आठवड्यातले किती दिवस आणि कोणत्या वेळी, याचे नियमाने बांधलेले उत्तर कुठल्या आगारात मिळत नाही. मिळते ते भारमान. किती टक्के आसने भरली आणि किलोमीटरमागे किती रुपये आले, यावर फेरी जगते किंवा मरते. पासवाल्या मुलामुलींना रोज तिकीट फाडले जात नाही. त्यामुळे डोळ्यांना खच्चून भरलेली दिसणारी गाडी उत्पन्नाच्या आकड्यात तितकी भरलेली दिसत नाही.

न्यायाचा दुसरा मार्ग सरकारने निवडला तो तिकिटाचा, आणि अलीकडच्या काळात याच मार्गावर सर्वाधिक पैसा गेला आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेखाली सर्व महिलांना अर्धे तिकीट. त्याआधीपासून ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट, विद्यार्थ्यांना पासात दोन-तृतीयांश सूट, आणि ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली मोफत पास. तो आधी दहावीपर्यंत होता, पुढे बारावीपर्यंत झाला. महिला सन्मान योजनेने एसटीचे चित्र पालटले हे कुणीही नाकारणार नाही. माहेरी जाणे, दवाखाना, बाजार, देवदर्शन यांसाठी बाईच्या हातात पहिल्यांदा परवडणारे भाडे आले. टीकाकारांनी 'बायका उगाच फिरतात' असा सूर लावला, त्याला काही अर्थ नाही. पुरुष उगाच फिरतात तेव्हा त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

पण ही सवलत पोहोचते कुणापर्यंत? जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा सहा किलोमीटरचा टप्पा १० रुपये ५ पैशांवर गेला. हिंगोली ते औंढा साधारण चार टप्पे, म्हणजे सुमारे ४० रुपये. बाईला २०, पंचाहत्तरीच्या आजोबांना काहीच नाही. आता महामार्गाच्या फाट्यापासून दहा-बारा किलोमीटर आत असलेले खेडे घ्या, जिथे गाडी येत नाही. तिथली बाई फाट्यापर्यंत ॲपेने किंवा काळी-पिवळीने येते आणि पूर्ण भाडे मोजते. तिच्यासाठी महिला सन्मान फाट्यापासून सुरू होतो. आजोबांच्या मोफत प्रवासाची गतही तीच. सरकार सवलतीच्या रकमेची भरपाई महामंडळाला देते ती झालेल्या प्रवासावर. जिथे फेऱ्या जास्त तिथे प्रवास जास्त, आणि जिथे प्रवास जास्त तिथे भरपाईही जास्त. ज्या गावाला शून्य फेऱ्या, त्याच्या वाट्याला सरकारी तिजोरीतून शून्य रुपये. योजना आखणाऱ्यांचा हेतू असा नव्हता, पण जिल्ह्यातले सर्वांत आडबाजूचे गाव या योजनेतून सर्वांत कमी घेते, हे तिच्या रचनेतच आहे.

काळी-पिवळीला शिव्या घालणे सोपे आहे. नऊ जणांच्या गाडीत अठरा जण, टपावर पोती, मागच्या पायरीवर लटकलेली पोरे. कायद्याने पाहिले तर महाराष्ट्रात टप्पा वाहतुकीचा अधिकार मुख्यत्वे एसटीचा आहे, म्हणून रस्त्यावर हात दाखवील त्याला बसवणारी खाजगी गाडी नियमाच्या काठावर किंवा त्याबाहेर चालते. पण आखाडा बाळापूर, जवळा बाजार, कुरुंदा, गोरेगाव अशा बाजारगावांचा व्यवहार याच गाड्यांवर उभा आहे, हे पोलिसांनाही माहीत आहे आणि परिवहन कार्यालयालाही. बाळंतीण असो की हळदीचे पोते, काळी-पिवळी दारापर्यंत नेते, उधारीवरही नेते. तिची अडचण वेगळी आहे. सीट भरल्याशिवाय ती हलत नाही, अंधार पडला की तिचा नेम नसतो, पावसात रस्ता खचला की ती येत नाही आणि अपघात झाला तर जादा माणसांच्या विम्याचा प्रश्न वर्षानुवर्षे कोर्टात पडून राहतो. मुलीला संध्याकाळच्या त्या गाडीने एकटीने येऊ द्यायचे की नाही, हा निर्णय घरात होतो, आणि बारावीनंतर मुलीचे कॉलेज सुरू राहते की सुटते ते पुष्कळदा तिथेच ठरते.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती आणि त्यातले सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहत होते. राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात हिंगोली सर्वांत खालच्या गटात होते. कळमनुरी आणि औंढ्याच्या डोंगरी भागात आंध आदिवासींची गावे आहेत. कळमनुरीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय त्यासाठीच आहे. सेनगाव भागातल्या बंजारा तांड्यांतली माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाचा ट्रक मात्र थेट तांड्यावर येतो. एसटी महसुली गावापर्यंत येते, तांडा दोन-तीन किलोमीटर पुढे असतो आणि कागदावर त्या गावाची बससेवा 'आहे' अशी नोंद होते. जनगणनेची ग्रामनिर्देशिका गावात सार्वजनिक बस आहे की नाही हे नोंदवते, ही चांगली गोष्ट. पण बस गावात कुठपर्यंत येते, किती वाजता येते आणि परत जायला दुसरी आहे का, हे त्या रकान्यात मावत नाही. दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सूट आहे आणि पायऱ्या मात्र गुडघाभर उंच आहेत, हेही त्या रकान्यात मावत नाही.

असलेली फेरीही कशी जाते, याचे आषाढीचे उदाहरण तर बोलकेच आहे. नर्सी हे संत नामदेवांचे गाव याच जिल्ह्यातले, त्यामुळे पंढरीच्या वाटेबद्दल इथे कुणाची तक्रार असणार नाही. पण जादा गाड्या कुठून येतात? ग्रामीण फेऱ्या काढून. यात्रा, लग्नसराईतले प्रासंगिक करार आणि मोठ्या नेत्याची सभा, या तिन्हींसाठी गाडी लागली की खेड्याची फेरी रद्द होते. यात्रेचे आणि लग्नाचे समजू शकतो. सभेसाठी शाळेची गाडी काढणे हे मला आजवर समजलेले नाही.

महामंडळाकडे पैसा नाही, हे उत्तर खरे आहे आणि अपुरेही. जून २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी एसटीची श्वेतपत्रिका मांडली, तेव्हा संचित तोटा १०,३२४ कोटी रुपयांवर गेल्याचे दिसले. याच एसटीकडून सरकार प्रवासी भाड्यावर साडेसतरा टक्के प्रवासी कर घेते. म्हणजे सेनगावच्या म्हातारीसाठी एका हाताने सवलतीची भरपाई द्यायची आणि तिच्या शेजारी बसलेल्या शेतमजुराच्या तिकिटातून दुसऱ्या हाताने कर काढून घ्यायचा. पूर्वी लांब पल्ल्याच्या गाड्या कमावायच्या आणि त्यावर खेड्याच्या फेऱ्या जगायच्या. हिंगोलीहून रात्री पुण्याला जाणारा प्रवासी आज खाजगी ट्रॅव्हल्सच्या शयनयानात झोपतो. कमाईचा मार्ग गेला आणि तोट्याचा मार्ग एसटीकडे उरला. कमावत्या मार्गांवर स्पर्धा असावी याला माझी हरकत नाही, पण त्या स्पर्धेत आतल्या गावांचा भुर्दंड कोण भरणार, हे आधी ठरवायला हवे होते.

त्याच जून महिन्यात मंत्रिमंडळाने शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादन आणि आखणीसाठी २०,७८७ कोटी रुपयांना मान्यता दिली. तेव्हाच्या आराखड्यात बारा जिल्ह्यांतून जाणाऱ्या या आठशे किलोमीटरच्या रस्त्यात हिंगोली येते आणि औंढ्याचे नागनाथही येते. वसमत-कळमनुरीच्या शेतकऱ्यांचा जमीन द्यायला विरोध आहे, तो वाद वेगळा. मला आकडे शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. एसटीने कित्येक दशकांत साठवलेल्या तोट्याच्या दुप्पट रक्कम एका रस्त्याच्या जमिनीला लागते, तेव्हा त्याला गुंतवणूक म्हणतात. त्या द्रुतगती मार्गावर खेड्याच्या फाट्याला गाडी थांबणार नाही.

रेल्वेची कथा थोडक्यात सांगता येते. निजामाच्या काळात १९१२ मध्ये पूर्णा-हिंगोली मार्ग झाला, पुढे तो अकोला-खंडव्याला जोडला गेला, २००८ मध्ये पूर्णा-अकोला रुंद झाला आणि मार्च २०२४ मध्ये जालना-मुंबई जनशताब्दी हिंगोलीपर्यंत आली. वसमत आणि हिंगोलीच्या लोकांना त्याचा लाभ झाला. सेनगाव आणि कळमनुरी रुळाच्या बाहेरच आहेत, आणि रेल्वेचे वेळापत्रक पाहून फाट्यावर गाडी सोडण्याची पद्धत कुणी घातलेली नाही. औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा उभी राहते आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. जमिनीचे हादरे कमी, वाहनांची वर्दळ कमी, म्हणून ही जागा योग्य ठरली. वर्दळ कमी असल्याचा या भागाला झालेला हा बहुधा पहिलाच फायदा.

आडबाजूच्या गावाला किमान सेवा देण्याचा प्रश्न इतरांनी कसा सोडवला, हे पाहण्यासारखे आहे. स्वित्झर्लंडमध्ये शंभर रहिवाशांच्या वस्तीला जोडणाऱ्या मार्गापर्यंत केंद्राची मदत मिळते आणि तिथे किमान फेऱ्याही ठरलेल्या आहेत. श्रीमंत देश म्हणून ते उदाहरण बाजूला ठेवता येईल. तमिळनाडूला तसे ठेवता येत नाही. तिथे १९९७ मध्ये मिनी बस योजना आली: मोठी बस जात नाही अशा गावांसाठी लहान खाजगी गाड्या, ठरलेला मार्ग, ठरलेले भाडे आणि परवान्यातच अट की मार्गाचा मोठा भाग बस न जाणाऱ्या रस्त्यावरचा असावा. बिहारने २०१८ मध्ये ग्राम परिवहन योजना काढली आणि पंचायतीमागे पाच तरुणांना वाहन घ्यायला अनुदान दिले. त्यातले तीन अनुसूचित जाती-जमातींचे आणि दोन अतिमागास वर्गाचे. काळी-पिवळीवाल्याला गुन्हेगार न मानता त्याला वेळापत्रक आणि मार्ग बांधून दिला तर काय होऊ शकते, याचे हे दोन वेगवेगळे प्रयोग आहेत. दोन्हींत खोट आहे. बिहारमध्ये वाहन घेतले गेले तरी ते त्याच गावासाठी चालेल याची खात्री नव्हती. तमिळनाडूत चालक नफ्याच्या मार्गाकडे सरकत गेले. तरी गाडीला मार्ग आणि वेळ बांधून देणे हे मान्य झाले, हे महत्त्वाचे.

खरे तर आपल्याकडे एक नमुना आधीच आहे. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बसगाड्या मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेण्यासाठी आल्या, हिंगोलीतही आल्या. या गाड्या सरकारने घेऊन दिल्या आणि त्या चालवण्याचा खर्चही कार्यक्रमाच्या निधीतून उचलला. म्हणजे फेरी विकत घेतली. भारमान कमी आहे म्हणून ती बंद करण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तिचा मोबदला आसनांवर नव्हता, धावण्यावर होता. पाच किलोमीटरच्या आतल्या मुलींना सायकल आणि त्यापुढच्यांना बस, अशी सोपी रेघही आखलेली होती. योजना आठवी ते बारावीच्या मुलींपुरती राहिली. सुटीच्या दिवशी, दवाखान्यासाठी किंवा तेराव्या इयत्तेच्या मुलीसाठी तिचा उपयोग धरलेला नव्हता. तरी तिने दाखवलेली वाट योग्य होती.

प्रत्येक खेड्याला लाल मोठी गाडी द्या, असे मी म्हणणार नाही. दुचाकी वाढल्या आहेत, काही गावांत ४४ आसनांची गाडी खरोखर रिकामी फिरेल आणि तिथे तेरा-सतरा आसनांची गाडी पुरेल. सेनगाव आणि औंढ्याला पूर्ण आगार बांधणे महाग असेल, तर चार गाड्या मुक्कामी राहतील, चालक-वाहकांना धड खोली मिळेल आणि डिझेल भरता येईल एवढी सोय आधी होऊ शकते. ग्रामसडकेसारखी २५० आणि ५०० ची रेघ फेऱ्यांनाही लावता येईल: सकाळी शाळेच्या आधी एक, संध्याकाळी शाळा सुटल्यावर एक आणि दुपारी दवाखान्याहून परतायला एक. तांडा आणि वाडी यांची गणती वेगळी धरावी लागेल. हिंगोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, म्हणून ही तिसरी फेरी आता पूर्वीपेक्षा जास्त लागणार.

यासाठी पैसा कुठून, याचे उत्तर जिल्हा नियोजन समितीत शोधावे लागेल. तिथे रस्त्यांसाठी ३०५४ आणि ५०५४ ही लेखाशीर्षे सदस्यांना तोंडपाठ असतात. कुणाच्या गटात किती किलोमीटर गेले यावर बैठका गाजतात. त्या रस्त्यांवर फेरी विकत घेण्यासाठी मात्र ठरावीक लेखाशीर्ष नाही. रस्त्याच्या निधीतला लहानसा वाटा पाच वर्षांसाठी फेऱ्यांकडे वळवायचा म्हटला, तर आधी गावनिहाय यादी लागेल: आज कुठे किती फेऱ्या, २०२० च्या आधी किती होत्या. ही माहिती परभणीच्या विभागीय कार्यालयात आणि तिन्ही आगारांच्या वेळापत्रकांच्या जुन्या वह्यांत आहे. ती मागवायला कोणताही नवा कायदा लागत नाही, पालकमंत्र्यांच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत एक ओळ पुरेशी आहे.